फॉरमॅटवाले भाऊ

प्रत्येक सोसायटीत एक फॉरमॅटवाले भाऊ असतात. रात्री अपडेट झालं आणि सकाळी कॉम्प्युटरचा आवाज गेला, की त्यांना हाक जाते. निदान ठरलेलं: "विंडोज करप्ट झालीय, फॉरमॅट मारू." वायफाय दिसेना, फॉरमॅट. स्क्रीन लुकलुकते, फॉरमॅट. भाऊ अडाणी आहेत असं मात्र कोणी समजू नये. डिव्हाइस मॅनेजरमध्ये रुसलेल्या उपकरणाच्या प्रॉपर्टीज उघडल्या, की ड्रायव्हर टॅबमध्ये अपडेटआधीचा ड्रायव्हर परत आणणारं 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण असतं आणि ते 2001च्या विंडोज एक्सपीपासून आहे, हे त्यांना ठाऊक असतं. अडचण ज्ञानाची नाही, मानाची आहे. दोन मिनिटांत आवाज परत आला तर घरची मंडळी "एवढंच होतं होय?" म्हणतात. फॉरमॅट दुपारभर चालतो. तेवढ्यात पोहे होतात, चहा होतो आणि शेजारचेही आपला प्रिंटर दाखवून घेतात.

कोणी म्हणेल, फॉरमॅटनंतर आवाज येतो ना? येतो, कारण कोऱ्या विंडोजमध्ये बहुधा दुसराच ड्रायव्हर बसतो. पुढे विंडोज अपडेट तोच बिघडलेला ड्रायव्हर इमानेइतबारे पुन्हा आणू शकतं, आणि भाऊंना पुन्हा बोलावणं जातं. (हे त्यांनी ठरवून केलेलं नसतं, एवढं त्यांच्या बाजूने मान्य करू.) दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ते बटण पुष्कळदा करडंच असतं. खरंय. विंडोजने आधीचा ड्रायव्हर राखून ठेवलेला नसेल, तर मागे जायला काही उरत नाही. पण म्हणून घरातले सगळे फोटो पणाला लावायचे नसतात. नवा ड्रायव्हर काढून टाकावा, कंपनीच्या साइटवरून जुना आणून बसवावा; स्क्रीनच काळी असेल तर हेच सेफ मोडमध्ये करावं. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरचे सुमारे 85 लाख कॉम्प्युटर निळे पडले, आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. त्यावरचा उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणे. त्या दिवशी जगभर आपले भाऊ कामाला असते, तर विमानं दिवाळीपर्यंत जमिनीवर राहिली असती.

तेव्हा भाऊ आले की पोहे आधीच द्या, कौतुकही आगाऊ करून टाका, आणि पेनड्राइव्ह खिशातून निघण्यापूर्वी ड्रायव्हर टॅब उघडून घ्या.