सा नंतर थेट कोमल रे

मिडी कंट्रोलर विकणारा दुकानदार काय दाखवतो? नॉब किती, पॅड किती, दिवे किती रंगांत लागतात. आता त्याला विचारा, नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला तर मध्ये पायऱ्या किती? तो दिव्यांचा रंग बदलून दाखवेल.

उत्तर बहुधा 128. आकडा 1983 चा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून डेव्ह स्मिथ, इकुतारो काकेहाशी वगैरे मंडळींनी मिडी ठरवलं. आठांतला एक बिट 'ही आज्ञा की आकडा' हे ओळखण्यात गेला; उरल्या सातांत 0 ते 127. तेव्हाच्या चिपा आणि सेकंदाला 31,250 बिट वाहणारी वायर बघता हिशेब चोख होता. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

पण सिंथच्या फिल्टरचा रेझोनन्स चढवा, तो शिट्टी घालू लागला की कटऑफचा नॉब सावकाश फिरवा. 1970 च्या मिनिमूग सिंथवर ती शिट्टी तेलाच्या धारेसारखी सलग चढते. इथे? 20 ते 20,000 हर्ट्‌झ म्हणजे जवळजवळ दहा सप्तकं, म्हणजे एकशेवीस सूर. पायऱ्या 128. सा झाला की थेट कोमल रे! मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत म्हणून ऑल इंडिया रेडिओने 1940 साली पेटीला दाराबाहेर काढलं होतं. हा नॉब मात्र 'एक्स्प्रेसिव्ह' म्हणून खपतो.

हल्ली बरेच प्लगइन दोन पायऱ्यांमधला खड्डा आपणहून बुजवतात, त्यामुळे कान फसतो. पण मधल्या सुरावरून नुसतं घसरता येतं. त्यावर थांबता येत नाही. बरं, 14 बिटांची, 16,384 पायऱ्यांची सोय मिडीच्या नियमांत होतीच. एकाऐवजी दोन निरोप धाडायचे, एक ढोबळ, एक बारीक. एवढी तसदी कोण घेतो?

आणि बोटांना काय लागतं ते तर विचारूच नका. नॉबखाली फिरतो तो पॉट, म्हणजे पोटेन्शियोमीटर. चांगल्या पॉटमध्ये घट्ट ग्रीस असतं, तो नटाने पॅनेलला आवळलेला असतो, फिरवताना हाताला जरा विरोध करतो. स्वस्तातला पॉट नुसता सर्किटवर डाखलेला. दांडा प्लास्टिकचा, दुखऱ्या दातासारखा हलणारा. वरची रबरी टोपी मुंबईच्या दमट हवेत दोन-चार पावसाळ्यांत चिकट होते, मग तिला पावडर लावत बसा.

2020 साली मिडी 2.0 आलं. आता 32 बिट, म्हणजे 429 कोटींच्या वर पायऱ्या! खोक्यावर छापायला झकास आकडा. दांडा तोच राहिला तर अंशभर डुगडुगला तरी कोटभर पायऱ्या इकडच्या तिकडे.