नळकांड्यात पेनं

एक लिटरचं काचेचं नळकांडं घ्यायचं. सांडपाण्यात हवा सोडणाऱ्या एरेशन टाकीतलं पाणी त्यात भरायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. तपकिरी गाळ खाली बसला, वर नितळ पाणी राहिलं, तर टाकीतले जिवाणू धडधाकट. गाळ काळा पडला, कुजका वास सुटला, तर त्यांना हवा पुरत नाहीये. सांडपाणी प्रक्रियेतली ही अगदी पहिली चाचणी. खर्च जवळपास शून्य.

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका सोसायटीच्या तळघरात उतरलो. सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी होता, नळकांडंही होतं. त्यात पेनं खोचून ठेवली होती. यंत्र सांभाळणारा पोरगा वर्षभरापूर्वी गेटवर वॉचमन होता. वीजबिल वाचवायचं म्हणून रात्री हवा सोडणारा ब्लोअर बंद करायला त्याला सांगितलेलं. ज्या हवेवर जिवाणू जगतात, तीच बंद! पोराचा काडीचाही दोष नाही. त्याला कुणी शिकवलेलंच नाही.

अशा प्लांटच्या निविदेत सिमेंट असतं, पंप असतात. चालवणारा माणूस कुठून येणार, हे कुणी विचारत नाही. मला याची चीड येते, कारण पुढची कामं याहून कितीतरी अवघड आहेत. मुंबईत मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प ठरलाय, रोज २० कोटी लिटरचा. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार. ते वेगळे करायला ६० बारच्या आसपास दाब लागतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या पंचवीसपट तरी. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं आणि आधीची गाळणी चुकली, की क्षार अडवणाऱ्या महागड्या मेम्ब्रेन चोंदल्याच. हे ओळखणारा डोळा वर्गातल्या फळ्यासमोर तयार होत नाही.

जमतं, हे नागपूरनं दाखवलंय. तिथलं मैलापाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं. नामिबियातलं विंडहोक तर १९६८पासून सांडपाणी शुद्ध करून पितं. रोजच्या चाचण्या करणाऱ्यांच्या भरवशावर लोक तिथं पेला तोंडाला लावतात.

आयटीआय आणि तंत्रनिकेतनांनी मुलांना सहा महिने चालू प्लांटवर पाठवावं. प्रशिक्षित ऑपरेटर नसेल तर ठेकेदाराचं बिल अडवावं. आणि तुमच्या इमारतीत एसटीपी असेल, तर उद्या सकाळी खाली उतरा आणि विचारा: आज अर्ध्या तासात गाळ किती बसला?