नवा डेक अजिंक्य ठरवण्याची सोपी रीत

'मॅजिक: द गॅदरिंग'चा नवा डेक 'फ्रायडे नाइट मॅजिक'ला नेण्याआधी दुकानातल्या नेहमीच्या मंडळींशी खेळून पारखावा, असं जाणते सांगतात. जरूर पारखा. फक्त डेकचं मन दुखावणार नाही एवढी काळजी घ्या.

सुरुवात घरी करा. समोर कोणी नसताना पानं पिसा, सात उचला आणि सुटा. याला खेळाडू 'गोल्डफिश' करणं म्हणतात. मासा नुसता बघतो, अडवत नाही. चौथ्या टर्नला जिंकाल. निकाल वहीत ठळक लिहा.

डेक किमान 60 पानांचा हवा, म्हणून 60वरच थांबायचं असं थोडंच आहे? आवडतं पान वगळणं जिवावर येतं, तेव्हा 68 होऊ द्या. जागा कमी पडली तर लँड काढा. त्या नाही तरी कंटाळवाण्याच. चार प्रती घातलेलं पान पहिल्या सातांत दिसायची शक्यता 60च्या डेकात सुमारे 40 टक्के, 68च्या डेकात 36. पण असले हिशेब संशयी माणसं करतात.

महागडी पानं हाती नसतील तर चिठ्ठ्या लिहून स्लीव्हमध्ये सरकवा. अक्षर फार सुवाच्य नको. मजकूर वाचून दाखवायला तुम्ही आहातच, आणि तो डावाच्या गरजेप्रमाणे थोडा बदलतो. (अधिकृत स्पर्धेत अशा चिठ्ठ्या चालत नाहीत. ते तेव्हाचं तेव्हा.)

आता प्रतिस्पर्धी. लाल बर्नवाला प्रत्येक दुकानात असतोच. एक लाल माना मोजून तो 'लाइटनिंग बोल्ट' टाकतो, तुमच्या 20 लाइफमधले 3 जातात, आणि असंच चालू राहून तुमचं सहा मानाचं भव्य पान हातातच कुजतं. त्याच्या टेबलाकडे फिरकू नका. दोन निळ्या लँड मोकळ्या ठेवून शांत बसलेले काका दिसले तर त्यांच्याकडे 'काउंटरस्पेल' आहे असं समजा आणि नमस्कार करून पुढे व्हा. कालच तयार डेक घेतलेला मुलगा शोधा. तो तुमचं प्रत्येक पान उचलून वाचतो आणि "भारी आहे हे, दादा" म्हणतो.

हात वाईट आला तर "हा धरू नको रे" म्हणून नवी सात घ्या. मलिगनला एक पान तळाशी घालायचा नियम मित्रांत कोण पाळतं? हरलात तर "माना आली नाही" म्हणा. जिंकलात तर मानाचा विषय काढू नका.

साइडबोर्डची 15 पानं घरीच असू द्या. तीन डावांच्या सामन्यात पहिला डाव सोडून बाकी सगळे साइडबोर्ड करूनच खेळले जातात, म्हणजे निम्मे किंवा त्याहून जास्त. तेवढ्यासाठी सराव कशाला?

एवढं करूनही शंका उरलीच, तर डेक 60वर आणा, एका वेळी दोन-तीनच पानं बदला आणि बर्नवाल्याशी साइडबोर्डसकट दहा-बारा डाव खेळा. पण मग या मार्गदर्शनाचा तुम्हाला काही उपयोग नाही.