बटण, बटण, बटण

नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये 1928 पासून नोटा छापतात. आमचे काका तिथूनच निवृत्त झाले, पण निवृत्ती फक्त पगारापुरती. घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी परीक्षा द्यावी लागते. डोळे मिटा, नोटेच्या कडेवरून अंगठा फिरवा आणि सांगा कितीची. शंभराच्या नोटेला चार तिरक्या रेघा, पाचशेला पाच. दोनशेला चारच, पण मध्ये दोन गोल. सगळं उठावाचं, न बघणाऱ्याला कळावं म्हणून. जावयांपैकी एकजण नापास झाला होता, त्याला अजून साखर कमी पडते.

अशा घरात मावशीच्या काळ्या मसाल्याची वेबसाइट निघाली. मसाला पंचवटीत प्रसिद्ध आहे. मिसळीवर तो पडला की शेजारच्या इमारतीतही ठसका लागतो. पण हल्ली पुण्याचे, ठाण्याचे लोक फोन करून विचारतात, ‘‘मावशी, तुमची साइट आहे का?’’ मावशीला तो प्रश्न चारित्र्यावर घेतल्यासारखा वाटायचा. शेवटी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या नातवाने सुट्टीत साइट बांधून दिली.

दिसायला साइट लग्नपत्रिकेसारखी. फिक्या पिवळ्यावर सोनेरी अक्षरं. वर गणपती, खाली झेंडूचं तोरण, मध्ये आपोआप सरकणारे फोटो. एक वाचेपर्यंत दुसरा हजर. दरपत्रक म्हणजे एक चित्रच. माल शिल्लक असेल तर हिरवा ठिपका, संपला असेल तर लाल. काकांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्यांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘‘कागद छान आहे. छपाई कधी होणार?’’

खरी गंमत सरांनी केली. सर गाणं शिकवतात, त्यांना जन्मापासून दिसत नाही, आणि ते काळ्या मसाल्याचे जुने गिऱ्हाईक. पडद्यावरचं वाचून दाखवणारं फोनमधलं टॉकबॅक ते इतक्या वेगात ऐकतात, की आपल्याला वाटावं फोनला फिट आली. आमच्यासाठी त्यांनी वेग कमी केला आणि साइट उघडली.

फोन म्हणाला, ‘‘चित्र. आयएमजी दोन हजार त्रेचाळीस. बटण. बटण. बटण.’’

‘‘काकू,’’ सर म्हणाले, ‘‘मसाल्याचं दुकान म्हणालात. हे तर शिंप्याचं निघालं.’’

पुढे ‘आमच्याविषयी’ होतं. तो मजकूर मावशीने पूर्वी पत्रकासाठी डीटीपीवाल्याकडून कृतीदेवमध्ये टाइप करून घेतला होता. नातवाने तो फॉन्टासकट साइटवर चिकटवला. डोळ्यांना शुद्ध मराठी. पण कृतीदेवमध्ये पोटात इंग्रजी अक्षरं असतात आणि वर मराठीचा मुखवटा. ‘मसाला’ शब्दाच्या खाली ई, एल, के, वाय, के. फोन मुखवटा बघत नाही. तो गंभीरपणे म्हणाला, ‘‘एल्कीक.’’

‘‘एल्कीक पाव किलो द्या,’’ सर म्हणाले.

ऑर्डरच्या पानावर चौकटींना नावंच नव्हती. आत करड्या रंगात ‘पत्ता’, ‘मोबाइल’ असं होतं खरं, पण टाइप करायला लागलं की ते नाहीसं व्हायचं, म्हणजे डोळस माणसानेही पाठ करून बसायचं. शिवाय नातवाने ‘मी यंत्रमानव नाही’वाला चाचणीचा प्रकार लावला होता: सिग्नलची चित्रं ओळखा. सर म्हणाले, ‘‘नाशकात सिग्नल ओळखणारा माणूस यंत्रमानवच असणार.’’

मग दुरुस्तीचा सप्ताह बसला. मजकूर युनिकोडमध्ये आला. साच्यात पानाची भाषा इंग्रजी लिहिलेली होती, ती मराठी केली. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक निदान साडेचारास एक असावा, असा वेबच्या जागतिक नियमावलीत आकडाच आहे. काकांना हे फार आवडलं. आकडा आला की त्यांना प्रेसमध्ये असल्यासारखं वाटतं. सोनेरी अक्षरं गेली, काळी आली. ठिपक्यांशेजारी ‘शिल्लक आहे’, ‘संपला’ असे शब्द आले. चाचणी काढून टाकली. मावशीच्या मसाल्याला कुठला यंत्रमानव धजावणार होता? नातवाने संगणकावर एनव्हीडीए उतरवलं. दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन मित्रांनी सुरू केलेला हा वाचक फुकट मिळतो, म्हणजे खर्चाची सबबही गेली. मग माउस उशीखाली ठेवून नुसत्या टॅबच्या कळीने तो स्वतःच्याच साइटवर मसाला विकत घ्यायला निघाला आणि तोरणात अडकला.

सगळ्यात लांबलं ते चित्रांच्या वर्णनाचं प्रकरण. नियम असा, की चित्र कामाचं असेल तर त्यात काय आहे ते लिहायचं. नुसती सजावट असेल तर वर्णन रिकामं सोडायचं, म्हणजे वाचक ते ओलांडून पुढे जातो. तोरण रिकामं सोडलं. नातू वर सरकला.

‘‘गणपती पण सजावटच आहे ना आजी?’’

घरात अशी शांतता मी फक्त बारावीच्या निकालाला अनुभवली आहे.

‘‘गणपतीला ओलांडून जाणार?’’ मावशी म्हणाली.

तिथे ‘श्री गणेश’ आलं. बाकीची वर्णनं मावशीने हातात घेतली. मसाल्याच्या फोटोला ‘काळा मसाला, 250 ग्रॅमचं पाकीट’ एवढं पुरे होतं. मावशीने खोबरं किती भाजायचं इथपासून सुरुवात करून दगडफूल परवडत नाही म्हणून शेजारीण काय करते इथपर्यंत मजल मारली. नातवाने काटछाट केली, शेजारीण वाचली.

कुणी विचारेल, एवढा उपद्व्याप कशाला? 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात खासगी सेवाही येतात. आणि 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हे घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कातच धरलं. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यात होरपळलेल्यांना केवायसीच्या पडद्याने डोळे मिचकावायला सांगितलं होतं. मावशीला मी हे वाचून दाखवलं. तिने कलम ऐकलं नाही. ‘‘कुठला मेला पडदा तो,’’ म्हणाली आणि खलबत्ता जोरात हाणला. त्यात लवंगा नव्हत्या, हे नंतर लक्षात आलं.

साइट पुन्हा सरांकडे गेली. फोनने श्री गणेश म्हटलं, तोरण ओलांडलं, पाकिटाचं वर्णन केलं, दर सांगितला. दोन मिनिटांत मावशीचा फोन वाजला.

‘‘काकू, सगळं स्वच्छ ऐकू आलं,’’ सर म्हणाले. ‘‘आता ह्या दराचं जरा बोलू या का?’’