रुमाल टाकलेली खुर्ची

स्वारगेटला भोरची एसटी फलाटाला लागते न लागते, तोच तिच्या खिडकीतून आत एक रुमाल पडतो. ज्याचा रुमाल, त्याची सीट. हा कायदा कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही, पण इतका निमूटपणे दुसरा कुठलाच कायदा पाळला जात नाही. शहरातल्या इंटिरिअर डिझायनरांनी यालाच ‘हॉट डेस्किंग’ असं नाव दिलं आहे. फी अर्थातच वेगळी.

सृजनशील धंदा करणाऱ्यांना, म्हणजे जाहिरातवाल्यांना, वेबसिरीजवाल्यांना, ॲपवाल्यांना हल्ली ऑफिस ‘लवचिक’ हवं असतं. भिंती नकोत, केबिन नको, कुणाची जागा ठरलेली नको. टेबलांना चाकं, पडद्यांना रूळ, कोपऱ्यात बीन बॅग. भिंतच नसली की माणसं येताजाता एकमेकांवर आदळतील आणि कल्पनांच्या ठिणग्या पडतील, असा हिशेब. मीटिंगसाठी मात्र काचेच्या खोल्या लागतातच आणि त्यांना नावं किल्ल्यांची. मग ‘तोरणा कुणी घेतला?’ या प्रश्नाला ‘एचआरनं, पाच वाजेपर्यंत’ असं उत्तर येतं. वेल्ह्याच्या डोक्यावर 1,403 मीटर उंच उभ्या असलेल्या खऱ्या तोरण्याला या लढाईची खबर नसते.

ठिणग्यांचं काय झालं, हे हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी मोजून पाहिलं. दोन बड्या कंपन्यांनी भिंती पाडायच्या आधी आणि पाडल्यानंतर त्यांनी कर्मचाऱ्यांच्या अंगावर संवेदक बिल्ले लावले. 2018 साली निष्कर्ष छापून आला: समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. शेजारी बसलेला माणूस शेजाऱ्यालाच ईमेल करू लागला. चाळीत राहिलेल्या माणसाला याचं नवल वाटणार नाही. सगळे सगळं ऐकतात म्हटल्यावर शहाणा माणूस बोलणं कमी करतो.

या प्रकाराचा एक गाजलेला प्रयोग मात्र त्याच्या कितीतरी आधीचा, 1990च्या दशकातला. अमेरिकेतल्या शियाट/डे या नामांकित जाहिरात कंपनीचे मालक जे शियाट यांनी कर्मचाऱ्यांची टेबलंच काढून टाकली. सकाळी काउंटरवरून फोन आणि लॅपटॉप घ्यायचा, मिळेल तिथं बसायचं, संध्याकाळी परत करायचा. खासगी बोलायचं असेल, तर जत्रेतल्या गरगर फिरणाऱ्या खेळाच्या गोल गाड्या आणून ठेवल्या होत्या, त्यांत दोघांनी बसायचं. पण लॅपटॉप पडले कमी. मग जवळ राहणारी मंडळी भल्या पहाटे येऊन यंत्र ताब्यात घेत, लपवून ठेवत आणि घरी जाऊन पुन्हा झोपत. म्हणजे रुमाल टाकणंच हे, फक्त लॉस एंजेलिसमधलं. कागद ठेवायला जागा नाही म्हणून कुणी गाडीच्या डिकीत दफ्तर थाटलं. 1998च्या सुमारास कंपनी नव्या जागेत गेली, तेव्हा प्रत्येकाला आपापलं टेबल परत मिळालं.

‘दफ्तर थाटलं’ म्हटलं की भोरकडे वळावंच लागतं, कारण ते संस्थानच दफ्तराचं. अष्टप्रधानांतला सचिव, म्हणजे सुरनीस, राज्याची कागदपत्रं तपासायचा. 1674च्या राज्याभिषेकावेळी ते काम अण्णाजी दत्तो यांच्याकडे होतं. पुढे शंकराजी नारायण यांच्या घराण्यात सचिवपद वंशपरंपरेनं चाललं आणि 1948 साली विलीन होईपर्यंत भोरच्या गादीवर पंतसचिवच होते. त्या काळच्या कारकुनाचं फर्निचर किती? बसायला गादी, पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी, बोरू, दौत आणि रुमाल. हा रुमाल नाक पुसायचा नव्हे. कागद ज्या फडक्यात बांधायचे, ते फडकं आणि ते गाठोडंही रुमालच. पुण्यातलं पेशवे दफ्तर आजही रुमालांतच मोजतात.

वाड्यातला सोपाही तसाच. सकाळी कचेरी, दुपारी पंगत, संध्याकाळी कीर्तन, रात्री अंथरुणं. पाटाला चाकं कुणी लावली नव्हती, कारण पाट पोरंसुद्धा उचलत. एवढी उलथापालथ झाली, तरी कोण कुठं बसणार हे बोटभरही हलत नसे. सामान हलकं आणि माणसाची जागा पक्की. नव्या ऑफिसात नेमकं उलटं: टेबल उचलायला चौघं लागतात आणि माणूस मात्र रोज हलतो.

गडावरही जागा अशाच ठरलेल्या. राजगड ही तर दोन तपांहून अधिक काळ स्वराज्याची राजधानी. तिथं कामकाजाची सदर पद्मावती माचीवर आणि बालेकिल्ला वर, कडा चढून गेल्यावर. ‘दोन मिनिटं आहेत का?’ म्हणत तिथं कुणी डोकावत नसावं. आता हा गड ज्यात आहे, त्या वेल्हे तालुक्याचंच नाव सरकारदरबारी राजगड झालं आहे. लोक वेल्हंच म्हणतात. जुनी जागा सोडायला माणसं तयार नसतात, ती अशी.

सृजनशील धंद्याचं खरं लवचिक ऑफिस पाहायचं, तर भोरच्या राजवाड्यातच जावं. 1869 साली बांधलेला हा वाडा सिनेमा-मालिकांना चित्रीकरणासाठी मिळतो. त्याच खांबांमध्ये एका महिन्यात दरबार भरतो, तर दुसऱ्या महिन्यात सासूबाईंचा दिवाणखाना उभा राहतो. प्लायवूडची भिंत सकाळी ठोकतात, संध्याकाळी काढतात. इथं पाचपन्नास माणसं खरोखर एकमेकांवर आदळतात. आदळतात ती केबल ओलांडताना, आणि ठिणगी पडली तर इलेक्ट्रिशियनला हाक मारतात.

जेवणाची सुट्टी झाली की युनिट चौकात पांगतं. कुणी पायरीवर, कुणी ट्रंकेवर, कुणी उद्या रंगवायच्या खोट्या तुळशीवृंदावनाला टेकून. एकच घडीची खुर्ची सावलीत रिकामी असते. तिच्या पाठीवर दिग्दर्शकाचा ओला नॅपकिन वाळत पडलेला असतो आणि स्पॉटदादा तिला वळसा घालून चहा वाटत जातो.