शब्दकोडे: सोडवणूक व उकल (आंजी मोठी परिसरातील होतकरूंसाठी)

वर्धा-आर्वी रस्त्यावरच्या गावांत पेपरातलं रोजचं शब्दकोडं सोडवणारे पुष्कळ आहेत, समजावून सांगणारे फार थोडे. सोडवणं हे घरात, खाटेवर बसून, कोणाला न सांगता उरकायचं काम आहे. त्यात अंघोळीपेक्षा जास्त प्रतिष्ठा नाही. प्रतिष्ठा आहे ती पानठेल्यासमोर चार माणसांत उकल सांगण्यात. प्रस्तुत मार्गदर्शन त्या दुसऱ्या, अवघड शाखेकडे लवकरात लवकर पोचवण्यासाठी लिहिलं आहे. पहिल्या शाखेची ओळख नाइलाजाने आधी करून द्यावी लागते.

आंजीच्या उमेदवाराला एक फायदा जन्मजात मिळालेला असतो. त्याच्या गावाच्या नावातच कंस आहे: आंजी (मोठी). कोड्यात कंसात अक्षरसंख्या असते, इथे आकार आहे, एवढाच फरक. जिल्ह्यालाही कंसांची सवय आहे: कारंजा (घाडगे), आष्टी (शहीद). बाहेरगावच्या माणसाला हे कंस बसच्या पाटीवरचे वाटतात, पण खरं तर ती पूर्वपरीक्षा असते. कारंजा म्हटल्यावर जो "घाडगे की लाड?" असं विचारतो, त्याच्यात कोडं सोडवण्याची पात्रता आहे असं समजावं.

आता समजा, आजच्या कोड्यावर ठळक छापलंय: "विषय: वर्धा जिल्हा". विषयवार कोडं दिसलं की अनाडी माणूस खूश होतो, कारण त्याला वाटतं, हे तर आपल्या घरचंच. हीच पहिली घसरण. विषय ओळखीचा असला की माणूस प्रश्न वाचत नाही, उत्तर आठवतो. आणि कोडं करणारा बहुधा दूरच्या शहरात बसलेला असतो. त्याचा जिल्हा नकाशातला आणि आपला वावरातला, त्यामुळे दोघांची अक्षरसंख्या जुळेलच असं नाही.

घराचे नियम

इंग्रजी कोड्यात एका घरात एक लेटर बसतं आणि लेटरं आहेत एकूण सव्वीस. आपल्याकडे एका घरात काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि जोडाक्षर यांच्यासकट पूर्ण अक्षर राहतं. नुसती बाराखडी धरली तरी चारशेच्या वर अक्षरं होतात, जोडाक्षरं वेगळीच. म्हणून अमेरिकी पेपरातल्या कोड्यासारखं प्रत्येक घर आडव्यालाही आणि उभ्यालाही लागू पडेल, असं मराठीत जमवणं फार कठीण. आपली निम्मी घरं एकाच शब्दाच्या मालकीची असतात, त्यांना दुसरा साक्षीदार नसतो. होतकरूंनी हे पक्कं ध्यानात ठेवावं, कारण पुढची सगळी भांडणं याच घरांवरून होणार आहेत.

"सेवाग्राम" चार घरांत बसतो: से, वा, ग्रा, म. "ग्रा"ला दोन खोल्या द्यायला निघणारे लोक असतात, त्यांना थांबवावं. एका अक्षराची किंमत पटत नसेल तर त्यांना पोस्टाची गोष्ट सांगावी. गांधीजी 1936 साली जिथे राहायला आले ते गाव तेव्हा सेगाव होतं. त्यांचं टपाल बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला जाऊ लागलं. दोन्ही नावं तीन घरांची, "गाव" समान, फरक फक्त पहिल्या घरातल्या स आणि श चा. शेवटी 1940 साली गावाचं नाव बदलून सेवाग्राम केलं. म्हणजे उत्तर बसेना तेव्हा कोडंच बदललं. हा उपाय महात्म्यांना शोभतो, आपण खोडरबर वापरावं.

एक नियम मात्र गुरुमंत्रासारखा जपावा, कारण तो पेपरवाल्यांनाही मोडता येत नाही. मराठी शब्द "ळ"ने किंवा "ण"ने सुरू होत नाही. सबब, ज्या घराच्या कोपऱ्यात क्रमांक छापलाय त्या घरात या दोघांना प्रवेश नाही. "केळझर" लिहिताना दुसरं घर क्रमांकाचं निघालं तर केळझर चूक, मग तिथल्या गणपतीवर तुमची कितीही श्रद्धा असो. "हिंगणघाट"चं तिसरं घरही याच नियमाने तपासावं. हा एवढा नियम योग्य वेळी, सावकाश, पानाची गाठ गालात सरकवून सांगितला तर माणूस वर्षभर जाणकार म्हणून खपतो.

आर्वी की आष्टी

आता प्रात्यक्षिक. आडवा प्रश्न: "वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव (2)". जिल्ह्यात तालुके आठ. देवळी, कारंजा, समुद्रपूर, हिंगणघाट हे अक्षरसंख्येतच बाद. उरले वर्धा, सेलू, आर्वी, आष्टी. पहिल्या घरातून खाली "आश्रम" उतरलाय, म्हणून "आ" पक्का. वर्धा-सेलू गेले. आता राहिल्या दोघी सख्ख्या बहिणी: दोघींच्या सुरुवातीला आ, दोघींच्या शेवटी दीर्घ ई. निकाल दुसऱ्या घरावर, आणि त्या घरात उभा शब्द संपतोय: "जग, पृथ्वी (2)".

पृथ्वी म्हणजे उर्वी. घातली की आर्वी तयार. जग म्हणजे सृष्टी. घातली की आष्टी तयार. दोन्ही जोड्या बिनचूक बसतात आणि उभ्या शब्दाचं पहिलं घर एकाकी, त्याला साक्षीदार नाही. इथे चांगले चांगले कोसळतात. ठेल्यावर काय होतं ते ऐकून ठेवावं.

"हे त आर्वीच व्हय, गुरुजी."

"काहून?"

"काहून म्हंजे? आपल्या रस्त्यावर आर्वी येते ना."

"आष्टीले जायचं तरी आर्वीवरूनच जा लागते. मंग?"

"मंग आर्वी आधी येते, थेच लिहा."

भूगोलाचा हा पुरावा कोणत्याही कोर्टात टिकणार नाही, पण ठेल्यावर टिकतो. प्रशिक्षित उमेदवाराने या वादात लगेच तोंड घालू नये. दोन्ही पक्ष थकू द्यावेत. मग हळूच म्हणावं, "अमरकोशात पृथ्वीला उर्वी आहे." अमरकोश इथे कामाचा ग्रंथ आहे: मराठी कोड्यातलं पाणी (जल, नीर, तोय, उदक), हत्ती (गज, कुंजर, वारण) आणि डोळा (नेत्र, नयन, लोचन) ही सगळी मंडळी तिकडूनच येतात. बाहेरच्या जगात कोणी "तोय द्या" म्हणत नाही, पण दोन घरांसाठी असे शब्द पोसून ठेवावे लागतात. "अमरकोशात आहे" हे वाक्य खरं असो की नसो, ते तपासायला ठेल्यावर कोणाकडे अमरकोश नसतो. (उर्वीच्या बाबतीत ते खरं आहे, हा भाग वेगळा.)

प्रश्न मात्र खरोखर सदोष आहे. हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे. "जग, पृथ्वी" असा स्वल्पविराम टाकून मोकळं होणाऱ्या माणसाने निदान ते एकाकी घर तरी कशाला तरी छेदायला हवं होतं.

कपाशी, पऱ्हाटी

यापेक्षा वाईट प्रसंग पुढेच आहे. "कापसाचे पीक (3)". जिल्हा कापसाचा, प्रश्न सोपा वाटतो. घरोघरी "पऱ्हाटी" लिहिलं जातं: प, ऱ्हा, टी. तीन घरं चोख. उद्याच्या उत्तरात मात्र "कपाशी" येणार. तीही तीन घरं चोख. त्याखालीच "शेत (3), शेवटी र" असं असेल, तर गावात एकमताने "वावर" आणि पेपरात "शिवार". पेपरवाला चुकला असं म्हणता येत नाही, आपण चुकलो असं तर मुळीच म्हणायचं नाही.

अशा वेळी दाते-कर्वे मंडळींच्या महाराष्ट्र शब्दकोशाचा आधार घ्यावा. 1932 पासून त्याचे सात खंड निघाले, पुढे पुरवणीही आली. एवढे खंड कोणीच ठेल्यावर आणत नसल्यामुळे हा आधार कायम भक्कम राहतो. कोणी कृ. पां. कुलकर्णींच्या 1946च्या व्युत्पत्तिकोशाचं नाव घेतलं तर मात्र सावध व्हावं. तो माणूस मास्तर असण्याचा दाट संभव आहे. त्याला चहा पाजून आपल्या बाजूला घ्यावा.

शरीरशास्त्राचा प्रश्न आला तर लांब जायला नको. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेचं ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र आंजीतच आहे आणि तिथे डॉक्टर होऊ घातलेली मुलं येत असतात. "पोटातील एक अवयव (2)" विचारल्यावर ती इंग्रजीतून तीन-चार नावं सांगतील, मराठीतून एकही नाही. "प्लीहा" आपणच लिहावं आणि श्रेय त्यांना द्यावं. पुढे कधी खोकला झाला तर उपयोगी पडतं.

उकल सांगण्याची रीत

उकल कधीही क्रमाने सांगू नये. एक आडवापासून सुरुवात करणारा माणूस पाच आडवापर्यंत श्रोते गमावून बसतो. सुरुवात भांडणाच्या प्रश्नापासून करावी, सोप्यांवर "ते तर झालंच" म्हणून हात फिरवावा. "गीताई" आलं तर थोडं थांबावं: विनोबांचं हे पुस्तक 1932चं, आणि विनोबा पवनारला आले 1938 साली, म्हणजे गीताई पवनारला लिहिली असं जो म्हणेल तो इथेच पकडला जातो. ही पकड ठेल्यावर फार आवडते. "धाम" आलं तर तीर्थ आणि नदी असे दोन्ही अर्थ सांगून पवनारच्या पुलापर्यंत जाऊन यावं. "गोरसपाक" आला तर उकल आटोपती घ्यावी, कारण त्यानंतर लोकांचं लक्ष लागत नाही आणि कोणीतरी वर्ध्याहून आणायची यादी करायला लागतं.

विद्वत्तेचा शिडकावा म्हणून एकदा तरी 1913 सालात जाऊन यावं. 21 डिसेंबरला न्यूयॉर्कच्या एका पेपरात आर्थर विन नावाच्या माणसाने शंकरपाळ्याच्या आकाराचं पहिलं कोडं छापलं. एवढं पुरे. त्याहून जास्त सांगितलं तर "त्यात आर्वी होती का?" असा प्रश्न येतो.

विषयात पुलगाव असेल तर आवाज खाली ठेवावा. तिथे लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार आहे, आणि कोड्यांवरून लष्कर बिथरल्याचा दाखला आहे. 1944 साली लंडनच्या डेली टेलिग्राफच्या कोड्यात युटा, ओमाहा, मलबेरी, नेपच्यून, ओव्हरलॉर्ड असे शब्द ओळीने आले. ते नॉर्मंडीच्या चढाईचे सांकेतिक शब्द निघाले आणि कोडी रचणाऱ्या लिओनार्ड डॉ या हेडमास्तरांकडे गुप्तचर चौकशीला गेले. ते बिचारे निर्दोष सुटले. आपल्याकडे धोका वेगळाच आहे. जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे "दारू" असा अर्धाच शब्द मोठ्याने वाचू नये, चार घरं पूर्ण करून "दारूगोळा" एका दमात म्हणावा.

"गुरुजी, इतकं सोडवता, बक्षीस काही मिळते का?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर कायद्याने द्यावं. एके काळी बक्षिसांच्या कोड्यांचा मोठा धंदा होता. बंगळूरहून चालणाऱ्या आर.एम.डी.सी. क्रॉसवर्ड्सचे प्रवेशअर्ज मुंबई राज्यात खपायचे. मग 1955 साली केंद्राचा कायदा आला: महिन्याला हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षीस नाही, दोन हजारांपेक्षा जास्त प्रवेशिका नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1957 साली निकाल लागला की जुगार हा व्यापार नव्हे. तेव्हा वर्धा मुंबई राज्यातच होतं, हे न चुकता जोडावं. निकाल आपल्यालाच लागू होता असं वाटलं की लोक बक्षिसाचा विषय सोडून देतात.

सगळ्यात मोठा अडथळा घराजवळच असतो. शेजारच्या काकूंनी तांदूळ निवडता निवडता, पेपर तुमच्या हाती येण्याआधी, सगळं कोडं बोटाने हवेत सोडवलेलं असतं. त्यांना उकल सांगायची हौस नसते, म्हणून त्या धोकादायक. त्यांनी जाता जाता "ते आष्टी आहे बरं का भाऊ, वरून सृष्टी येते" एवढं म्हटलं की सकाळभराचा अमरकोश वाया जातो. त्यांच्याशी वाद घालू नये. "तेच म्हणत होतो काकू" म्हणावं.

दुसऱ्या दिवशी उत्तर छापून येतं. ते इतर कोणी पाहण्याआधी आपण पाहावं. आपलं जुळलं असेल तर पेपर उघडा ठेवावा. जुळलं नसेल तर मुद्रणदोष हे कारण आठवड्यातून एकदाच वापरता येतं. त्यानंतर "कोडं करणाऱ्याने वर्धा जिल्हा पाहिलाच नाही" हे वापरावं, ते रोज चालतं आणि पुष्कळदा खरंही असतं. तरी एखादा चिवट माणूस कालचं कोडं काढून ताडून पाहायला निघतोच. त्याची सोय आदल्या सायंकाळीच करून ठेवावी: चार आलूबोंडे मागवावेत, आणि ते नेमक्या त्याच पानात बांधून घ्यावेत.