कादंबरीची शिफारस : प्रकार, पद्धती आणि परतफेड

कादंबरीची शिफारस म्हणजे आपण वाचलेली कादंबरी दुसऱ्याने वाचावी म्हणून केलेली खटपट. छापील शिफारशीचे चार प्रकार मानतात. परिचयात कथानक सांगून टाकतात. परीक्षणात शेवटच्या परिच्छेदापर्यंत स्तुती करून तिथे मुद्रणदोष दाखवतात. रसग्रहण मूळ पुस्तकापेक्षा लांबते, आणि समीक्षेत पुस्तकाचा उल्लेख आलाच तर तळटीपेत येतो. पाचवा प्रकार तोंडी शिफारशीचा. अमरावतीहून नागपूरकडे जाताना लागणाऱ्या तिवशासारख्या तालुक्याच्या गावी तो विशेष आढळतो आणि पाचांत तोच सर्वांत जोखमीचा आहे. छापील परीक्षण लिहिणाऱ्याला त्याचा वाचक सहसा भेटत नाही. तिवशात तो चार दिवसांनी चहाच्या टपरीवर भेटतो आणि “तुमी सांगतलं म्हून वाचलं” अशी सुरुवात करतो. पुढचे वाक्य कौतुकाचे आहे की उट्टे काढण्याचे, हे चहाचा अर्धा कप संपेपर्यंत कळत नाही.

या परिसराला शिफारशीची परंपरा जुनी आहे. रुक्मिणीचे माहेर मानले जाणारे वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर याच तालुक्यात आहे. कृष्णाला प्रत्यक्ष न पाहता, आल्यागेल्यांकडून त्याची कीर्ती ऐकून तिने निवड पक्की केली आणि पत्र धाडले. कादंबरी न उघडता तिची वाखाणणी करणारे जाणकार आजही याच परंपरेचे पाईक समजावेत. फरक इतकाच, की रुक्मिणीची निवड बरोबर निघाली.

नव्या पुस्तकांची नावे तिवशापर्यंत दोन वाटांनी येतात. पहिली वाट मासिकांची. 1964 साली सुरू झालेल्या ‘ललित’मधली ‘चोखंदळ वाचकांची निवड’ पाहून याद्या करणारे वाचक गावोगाव आहेत. यादी वाढत जाते, पुस्तके अमरावतीला चक्कर होईल तेव्हा येतात. दुसरी वाट पुरस्कारांची. साहित्य अकादमीचा शिक्का असला की निम्मे काम होते. किरण गुरव यांचे ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ (2021), प्रवीण बांदेकर यांचे ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ (2022) आणि कृष्णात खोत यांचे ‘रिंगाण’ (2023) ही अलीकडची उदाहरणे. मात्र मिळालेल्या पुरस्कारापेक्षा नाकारलेला पुरस्कार अधिक परिणाम करतो. नंदा खरे यांच्या ‘उद्या’ या कादंबरीला 2020 चा अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो घेतला नाही. येऊ घातलेल्या काळातल्या माणसांवर यंत्रे कशी पाळत ठेवतील, असे विषयाचे वर्णन केले तर ऐकणारा मोबाइल काढून वेळ पाहतो. पुरस्कार लाखाचा होता एवढे सांगितले की तो खुर्ची पुढे ओढतो. “लाख रुपये? अन् नाही म्हनला? काऊन?” या ‘काऊन’वर पुस्तक हातात ठेवावे. फार बोलू नये.

आपल्या भागातल्या कादंबरीची शिफारस सोपी वाटते, तिथेच घात होतो. उद्धव शेळके यांची 1960 ची ‘धग’ वऱ्हाडी बोलीत घट्ट रुजलेली आहे, तरी दर चौथा वाचक “आपल्याकडं असं नाही म्हनत” असा एखादा शब्द शोधून काढतोच. बुलडाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ला 2004 साली अकादमी पुरस्कार मिळाला. शेतीच्या दैन्याची इतकी जवळून लिहिलेली कादंबरी शहरात वाचकाला हलवून सोडते. तिवशात ज्याच्या घरी सोयाबीन पावसात भिजून पडले आहे, तो ती मलपृष्ठ वाचून परत देतो. “दिवसभर जे पाहून राह्यलो, तेच रात्री वाचू कायले?” या आक्षेपाला समीक्षाशास्त्रात उत्तर नाही. त्याच जिल्ह्यातल्या रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’ ही साक्षरता मोहिमेच्या कागदी कारभाराची फजिती सांगणारी कादंबरी. ती शिक्षकाला द्यावी की देऊ नये, याबद्दल मतभेद आहेत. दिल्यास गुरुजी आधी पोट धरून हसतात आणि परत करताना आवाज खाली आणून विचारतात, “हे आमच्या केंद्रातलं लेखकाले कोनं सांगतलं?”

वेळेचेही शास्त्र आहे. मृग लागल्यापासून पेरणी उरकेपर्यंत कोणालाही काही सुचवू नये. दिवाळीत अंकांपुढे कादंबरी टिकत नाही आणि त्यानंतर घरोघर कापूस वेचणी असते. उरतो उन्हाळा. त्यात दुपारी झोप येते. जाड पुस्तकाचा खरा खप तेव्हाच. भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू’ (2010) सहाशे पानांच्या आसपास आहे. ती कूलरसमोर उशाला घेतल्याची कबुली देणारे प्रामाणिक वाचक आहेत. शिवाय घरात एका पुस्तकाने मानाची जागा आधीच घेतलेली असते. मोझरीचा गुरुकुंज आश्रम याच तालुक्यात असल्याने देव्हाऱ्याशेजारी तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ हमखास दिसते. तिच्या 41 अध्यायांत गावाने कसे वागावे ते सांगितले आहे. कादंबरी गाव कसे वागते ते सांगते. त्यामुळे घरातली वडीलधारी मंडळी दुसरे पुस्तक फडताळात ठेवतात.

तिवशात शिफारस आणि उसनवारी एकच. नाव सुचवून थांबता येत नाही, “मंग द्या ना भाऊ” हे वाक्य लगेच येते. म्हणून शिफारशीचा निकाल परत आलेल्या प्रतीवरून वाचायला शिकावे. एसटीचे तिकीट चाळिसाव्या पानात असेल तर वाचक तिथेच उतरला. कडेला हळदीचे बोट असेल तर पुस्तक स्वयंपाकघरापर्यंत गेले, म्हणजे ज्याला दिले त्याने नव्हे, त्याच्या घरातल्या बाईने ते पुरते वाचले. कोरी करकरीत प्रत परत येऊन वर “एक नंबर पुस्तक हाय” असा शेरा मिळाला, तर पुढचे प्रश्न टाळणे सभ्यपणाचे.

प्रत परतच न येणे हे सहसा अपयश मानतात. ते घाईचे आहे. तिवशातून गेलेली प्रत आधी साडूकडे जाते, तिथून त्याच्या शाळेतल्या मास्तरांकडे, तिथून लग्नाच्या मुक्कामात आणखी कोणाकडे. दोन-तीन वर्षांनी एक अनोळखी गृहस्थ एसटीत शेजारी येऊन बसतो, पिशवीतून कव्हर गेलेली कादंबरी काढतो आणि “हे वाचलं काय तुमी? वाचाच” म्हणून रस्ताभर तिचे गुण सांगतो. पहिल्या पानावर शिफारस करणाऱ्याचे स्वतःचे नाव, तारखेसह, अर्धवट पुसलेले असते. अशा वेळी ओळख देऊ नये. सगळे ऐकून घ्यावे आणि उतरताना विचारावे, “चार दिवसांसाठी देता काय?”